शनिवारी धुतलेले चष्मे

१

चोरी झाली ती चष्म्यांची. एखाददुसऱ्याच्या नव्हे, अख्ख्या वृद्धनिवासाच्या, आणि तीही नेमकी मतदानाच्या आदल्या रात्री.

सकाळी भांड्यांच्या खोलीतून मावशी ओरडली, "ट्रे रिकामा आहे हो!" तेव्हा जेवणघरात चहाला बसलेल्या म्हाताऱ्यांना वाटलं बिस्किटं संपली. दोघातिघांनी हळहळही व्यक्त केली. कुठला ट्रे ते लक्षात आलं आणि मग मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

या घरात एक पद्धत होती. दर शनिवारी रात्रीच्या जेवणानंतर सगळे आपापले चष्मे मावशीकडे द्यायचे. ती साबणाच्या पाण्यात ते धुवायची, भांड्यांच्या खोलीत मोठ्या ट्रेमध्ये टॉवेल पसरून वाळत घालायची आणि रविवारी सकाळी चहाबरोबर ज्याचा त्याला आणून द्यायची. "चष्म्यांची आंघोळ" म्हणायचे सगळे. मावशी वयानं या मंडळींच्या लेकीएवढी होती, पण हाक मावशीच. रविवारी तिनं चष्मा नाकावर चढवला की जग नवंकोरं दिसतं, असं मास्तर म्हणायचे, आणि मास्तर सहसा कोणाचं कौतुक करत नसत.

आज जग धूसरच राहिलं. ट्रेमध्ये नुसता टॉवेल होता.

घरात चष्मा उरला तो एकाच बाईच्या नाकावर, आणि ती बाई म्हणजे सापडबाई. रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर तिची उभी हयात गेली होती. छत्र्या, कवळ्या, लग्नातले हार, एकदा तर एक जिवंत बदक, सगळं तिनं मालकाच्या हवाली केलं होतं. लोकांच्या हातात गेलेल्या वस्तूचं काय होतं हे तिनं इतकं पाहिलं होतं, की स्वतःचा चष्मा ती आंघोळीला कधी देत नसे. पदरानं पुसायची आणि भागवायची.

"तुमचाच बरा राहिला," व्यवस्थापक तिच्याकडे तिरकं बघत म्हणाले. ते घराच्या वरच्या मजल्यावरच राहायचे आणि आवाज ऐकून अर्धी दाढी करूनच खाली आले होते.

"संशय असेल तर झडती घ्या," सापडबाई म्हणाली. "पण गालावरचा साबण आधी पुसा. अशा तोंडानं झडती बरी नाही दिसत."

व्यवस्थापकांनी साबण पुसला आणि मोर्चा मावशीकडे वळवला. चष्मे तिनं घेतले, तिनं धुतले, तिनं ठेवले. रात्री व्हरांड्यात चटई टाकून तीच झोपली होती. शिवाय गेले कित्येक दिवस ती त्या नर्सबाईचा बिल्ला लावून फिरत होती. नर्सबाई म्हणजे या भागातून देशाच्या संसदेसाठी उभी राहिलेली उमेदवार. म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या कंत्राटी बायकांना कायम नोकरी आणि पगारी रजा, एवढंच ती गावभर सांगत हिंडत होती.

"सरळ आहे," व्यवस्थापक म्हणाले. "कोणाला वाचता येऊ नये, मग ही प्रत्येकाचा हात धरून नेणार आणि शिक्का आपल्या नर्सबाईवर मारून घेणार. पिशवी उघड गं."

मावशीनं पिशवी टेबलावर उलटी केली. रिकामा डबा, कंगवा, बिल्ला, मुलीचा शाळेतला फोटो. ज्यांना काही दिसत नव्हतं त्यांनीसुद्धा मान दुसरीकडे वळवली.

"बाहेर लपवले असतील," व्यवस्थापक मागे हटेनात. "हिला इथे पाठवणाऱ्या एजन्सीला फोन केलाय मी. त्यांचा माणूस निघालाय. मतदानाची पहिली गाडी सुटायच्या आत चष्मे मिळाले तर ठीक, नाहीतर हिनं त्याच्याबरोबर जायचं. कायमचं."

चोरीचा आळ घेऊन बाहेर पडलेल्या बाईला दुसऱ्या कुठल्याही घरात कोणी दाराशी उभं करत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मावशी फोटो पुसत उभी राहिली.

"साहेब," सापडबाई म्हणाली, "गाडी सुटेपर्यंत मला शोधू द्या. अख्ख्या घरात एवढा एकच चष्मा आहे, तो काही कामाला येऊ दे."

२

भांड्यांच्या खोलीत आधी तिनं दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

"बल्ब गेलाय," मावशी मागून म्हणाली. "परवाच सांगितलंय साहेबांना. काल व्हरांड्यातल्या उजेडात चष्मे धुतले मी, आणि निजायच्या आधी तोही दिवा मालवला."

दाराच्या आतच साबणाच्या पाण्याची बादली होती, काठोकाठ भरलेली. मांजरालासुद्धा तिला धक्का न लावता आत जाता येऊ नये, अशी वाटेत. पलीकडे स्टीलच्या ताटांची उतरंड, आणि तिच्याच मागे ट्रे.

"बादली रात्रीपासून इथेच?"

"हो. पाणी सकाळी झाडांना घालते मी."

"फरशी कोरडी आहे," सापडबाई म्हणाली. "आणि ताटांचा आवाज झाला असता तर तू उठली असतीस."

"मी कुत्र्याच्या झोपेची आहे बाई. पोरगी आजारी असली की तशीच सवय लागते." मावशीचा आवाज जरा ओला झाला. "गेल्या महिन्यात तिला ताप होता, तेव्हा रजा मागितली. एजन्सी म्हणाली, जा, पण परत येऊ नकोस. म्हणून बिल्ला लावते. एवढंच माझं राजकारण."

"हे कोणाकोणाला सांगितलंस?"

"कोणी विचारतं का? वहिनींनी तेवढं विचारलं. परवा त्यांचे केस विंचरताना म्हणाल्या, नर्सबाई आली तर तुला पोरीजवळ थांबता येईल का? म्हटलं, येईल म्हणतात. मग गप्पच बसल्या."

सापडबाईनं मान डोलावली. वहिनींचं तिला नवल वाटलं नाही. वहिनी म्हणजे भाऊसाहेबांची बायको. भाऊसाहेब पूल बांधणारे इंजिनियर होते आणि सगळं घर त्यांना भाऊसाहेब म्हणायचं, म्हणून त्या ओघानं सगळ्यांच्या वहिनी झाल्या. त्यांचं स्वतःचं नाव काय, हे सापडबाईलासुद्धा आठवून सांगता आलं नसतं. डोळ्यांनी त्यांना आता कडेकडेचं पुसट काही दिसायचं, समोरचं नाही. चष्म्याचा उपयोग संपला तेव्हा त्यांनी तो वापरणंच सोडलं. दिवसभर लोकर घेऊन बसायच्या आणि अंदाजानं घरातल्या सगळ्यांसाठी मोजे विणायच्या.

जेवणघरात परत येऊन सापडबाई आपल्या खुर्चीवर टेकली आणि चष्मा काढून बघू लागली. उजवी काडी सकाळीच निखळून हातात आली होती. ती तिनं कशीबशी दोऱ्यानं बांधली होती. काडीचा स्क्रू ढिला होता म्हणून ती चष्मा कधीच मिटत नसे. रात्री तो उघडाच, काचा वर करून, वर्तमानपत्राशेजारी ठेवायची. इथेच, या टेबलावर. भांड्यांच्या खोलीचं दार तिथून हाताच्या अंतरावर.

सकाळी मात्र तो मिटलेला होता. नीट घडी घालून वर्तमानपत्रावर ठेवलेला.

म्हणजे चोरानं तो हातात घेतला होता. घेतला, आणि जागच्या जागी परत ठेवला.

३

मास्तर खिडकीपाशी बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. निवृत्त मुख्याध्यापक. नर्सबाईचं नाव काढलं की त्यांच्या नाकाला मिरची झोंबायची. कालच जेवताना ते मावशीसमोर म्हणाले होते, की बायांचे पगार वाढले की आपली फी वाढणार, हिशोब साधा आहे. सगळं घर त्यावर चिडलं होतं.

"माझ्यावरच येणार तुमचा संशय," ते आपणहून म्हणाले. "या. विचारा."

"विचारायचं काय त्यात? तुम्हाला नर्सबाई पडायला हवी. इथली बरीच मतं तिला जाणार हे तुम्हाला माहीत. चष्मे नाहीत तर मतं नाहीत."

"आणि माझं मत?" मास्तरांचा आवाज चिरकला. "अहो, बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी निवडणूक होती. तेव्हाही गेलो मी. ती असती तर तिनंच ढकललं असतं. आज मला मतपत्रिकेवरचं अक्षर दिसणार नाही. मी स्वतःचा चष्मा चोरीन?" त्यांनी डोळे पुसले आणि लगेच घसा खाकरला. "आणि ती मावशी चोर नाही, हेही लिहून घ्या. तिचं राजकारण चुकीचं आहे. बाई चांगली आहे."

सापडबाईला मास्तर एकदम आवडून गेले. पण तसं तोंडावर सांगितलं असतं तर त्यांचा दिवस खराब झाला असता.

"तुम्ही काल त्या निवडणुकीच्या बाई आल्या तेव्हा होतात ना?" तिनं विचारलं. "काय म्हणाल्या त्या नक्की?"

काल दुपारी मतदान केंद्रावरची एक अधिकारी घरी येऊन सगळं समजावून गेली होती. मास्तरांना असलं काही शब्दन् शब्द पाठ असतं. ज्यांना दिसत नाही त्यांनी सोबती न्यावा. सोबत्यानं नावं वाचून दाखवायची आणि मतदार सांगेल तिथेच शिक्का मारायचा. एका सोबत्यानं एकाच मतदाराबरोबर जायचं. आधी सोबतीवाल्यांची गाडी जाईल, मग बाकीच्यांची.

"एका सोबत्याला एकच मतदार," सापडबाई पुटपुटली. "आणि हे मावशीच्या समोर सांगितलं."

"चहा तीच देत होती."

मग व्यवस्थापकांचं म्हणणं जमिनीवर आपटलं की! मावशी नेऊन नेऊन एकालाच नेणार होती. त्या एका मतासाठी सगळ्या घराचे चष्मे कोण पळवेल?

"आणखी कोणी काही विचारलं त्या बाईंना?"

"भाऊसाहेब म्हणाले, आमचं काही विचारायला नको, मीच असतो हिच्याबरोबर. मग वहिनींनी विचारलं, सोबती कोणीही चालतो का. बाई म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तो, फक्त वाचता यायला हवं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सापडबाई दचकून उठली. मतदानाची गाडी नव्हती ती. एजन्सीचा माणूस मोटारसायकल लावत होता.

४

एजन्सीच्या माणसाला व्यवस्थापकांनी वर नेऊन चहा पाजला. व्यवस्थापकांचं पाणी कुठे मुरतंय हेही सापडबाईला कळत होतं. एजन्सी त्यांच्या मेव्हण्याची होती, आणि नर्सबाई निवडून आली तर असल्या एजन्सींचं दुकान बसणार होतं. त्यांना म्हाताऱ्यांची मतं नकोच असतील. पण मग त्यांनी तिचा चष्मा का सोडला असता? या घरात नर्सबाईच्या बाजूनं सगळ्यात जास्त तोंड चालायचं ते सापडबाईचं.

हा एक चष्मा राहिला, इथेच तर सगळी गोम होती. ज्याला मतदान बंद पाडायचं आहे तो समोर पडलेला चष्मा उचलून परत ठेवत नाही. चोराला म्हाताऱ्यांपैकी वाचू शकणारा एक माणूस शिल्लक हवा होता. एकच. आणि तो माणूस म्हणजे सापडबाई.

पण मिट्ट काळोखात, काठोकाठ भरलेली बादली आणि ताटांची उतरंड ओलांडून, आवाज न करता चष्मे उचलणार कोण? इथले सगळे चष्म्याशिवाय स्वतःच्या चपलांना अडखळतात.

ती व्हरांड्यात गेली. भाऊसाहेब बाकावर बसून वर्तमानपत्र नाकाला लावून बघत होते आणि कंटाळून खाली ठेवत होते. शेजारी वहिनी होत्या. पायाशी लोकरीची टोपली.

"हिचं मत लग्नापासून मीच सांभाळतो," भाऊसाहेब अभिमानानं सांगू लागले. "हिला राजकारणात काडीचा रस नाही. घरून निघताना सांगायचो, तिसरं नाव. ही बिचारी बरोबर तिसऱ्या नावावर शिक्का मारून यायची. कधी चुकली नाही हो." त्यांनी बायकोचा हात हलकेच थोपटला. त्या थोपटण्यात खोटं काही नव्हतं. "आज तेवढी पंचाईत झाली. मला वाचता येणार नाही, मग कोण नेणार हिला?"

"माझी सोय झालीय," वहिनी हळूच म्हणाल्या. "हिला विचारलंय मी सकाळीच."

विचारलं होतं खरंच. सापडबाई पहिल्या चहाला आली तेव्हा जेवणघरात वहिनी एकट्याच बसल्या होत्या. "आज केंद्रावर माझ्याबरोबर चालशील?" म्हणाल्या. "भाऊसाहेब आहेत की," असं सापडबाई म्हणाली, तर त्या म्हणाल्या, "बघू. तू हो तर म्हण." तिनं हो म्हटलं होतं. आणि त्यानंतर, बाकीचे जमून चहा अर्धा झाल्यावर, मावशी ओरडली होती.

सापडबाईची नजर लोकरीच्या टोपलीवर गेली.

"आज विणत नाहीस ते?" भाऊसाहेब बायकोला म्हणत होते. "बरं नाही का वाटत?"

"हात दुखतोय," वहिनी म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर स्वस्थ पडले होते. त्या हातांना स्वस्थ पडलेलं सापडबाईनं आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "गाडी कधी येतेय ते जरा फाटकावर बघून येता?"

ते काठी टेकत गेले. सापडबाई त्यांच्या जागेवर बसली आणि टोपलीत हात घातला. वर लोकरीचे गुंडे, खाली मोजे. पहिला मोजा उचलला, त्याच्या आत काहीतरी कडक होतं. दुसऱ्यातही. प्रत्येक चष्म्याला एक मोजा. काचेला ओरखडासुद्धा जाऊ नये म्हणून.

"सापडले," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"मला वाटलंच होतं तुला सापडतील. जरा लवकर सापडले, एवढंच."

५

सापडबाईनं मोजा परत टोपलीत ठेवला. मग वहिनी बोलू लागल्या आणि बोलतच राहिल्या. एवढं सलग त्यांना बोलताना कोणी ऐकलं नसेल.

"अंधार म्हणजे माझंच घर झालंय आता. बादली कुठे आहे ते पाण्याच्या वासानं कळलं. आधी तुझा चष्मा जागेवर आहे ना, एवढं चाचपून बघितलं. यांचा एकट्याचाच नेणार होते. पण एकट्याचा गेला असता तर यांना लगेच समजलं असतं. म्हणून सगळेच घेतले. पहिल्या गाडीनं जाऊन आले की टेबलावर ओतणार होते, हे घ्या, मोज्यांत सापडले, म्हातारीची वेंधळाई. बाकीच्यांना दुसऱ्या गाडीनं जाता आलं असतं. कोणाचं मत बुडणार नव्हतं गं."

"त्यांना सरळ का नाही सांगितलंत? मी हिच्याबरोबर जाते म्हणून?"

"तू त्यांना ओळखत नाहीस. रागावले असते तर सोपं होतं. ते रागावत नाहीत. ते दुखावतात. मग दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपतात, आणि तरी माझं औषध वेळेवर देतात." वहिनींनी नाक पुसलं. "मला त्यांना नाही म्हणायचं नव्हतं. त्यांना यायलाच जमलं नाही, असं व्हायला हवं होतं. एकदाच. आता पुढची निवडणूक माझ्या वाट्याला येते की नाही."

"आणि मावशी?"

वहिनींचा चेहरा कसनुसा झाला. "चष्मे हरवले की सगळे शोधतील, एवढंच डोक्यात आलं. कोणावर तरी आळ घेतील, आणि तो तिच्यावरच घेतील, हे सुचलंच नाही मला. त्या पोरीसाठी करायला गेले आणि..." त्यांनी सापडबाईचा हात घट्ट धरला. "पिशवी उलटी केली ना तिची? कंगवा टेबलावर पडल्याचा आवाज आला मला. तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभच उचलली नाही."

सापडबाईनं मनातल्या मनात एक खोटं जुळवायला घेतलं होतं. चष्मे धुण्याच्या कपड्यांत सापडले, मांजरानं ओढून नेले, काहीही. वहिनींचं नाव झाकून राहिलं असतं आणि मावशीची नोकरीही वाचली असती. पण व्यवस्थापकांनी त्यावरही म्हटलं असतं, की हिनंच लपवले होते, घाबरली म्हणून आणून ठेवले. डाग धुतला गेला नसता. एजन्सीचा माणूस जिना उतरत होता. मावशी आपली पिशवी घेऊन दाराशी उभी होती.

"मला धरून आत ने," वहिनी म्हणाल्या.

जेवणघरात सगळे होते. भाऊसाहेबही फाटकावरून परत आले होते. वहिनींनी टोपली टेबलावर ठेवली आणि हात टेबलावर टेकूनच उभ्या राहिल्या.

"चष्मे मी घेतले," त्या म्हणाल्या. "मावशीचा काही संबंध नाही. मोजे रिकामे करून ज्याचा त्यानं घ्या."

मग मोजे एकमेकांच्या हातात फिरू लागले आणि एकेक चेहरा चष्म्याआड आला. सगळ्यांनी आधी बघितलं ते वहिनींकडे. वहिनींना ते दिसलं नाही. पण त्या मोठ्या अपराध्यासारख्या उभ्या होत्या.

"कशाला पण?" भाऊसाहेबांनी विचारलं. त्यांचा चष्मा त्यांच्या हातातच राहिला होता.

"तुम्हाला माझ्याबरोबर येता येऊ नये म्हणून."

"मी... मी तुला त्रास दिला का गं कधी?"

"कधीच नाही."

"मग? मला वाटायचं, आपलं दोघांचं मत एकच आहे."

"एकच होतं," वहिनी म्हणाल्या. "तुमचं."

भाऊसाहेब खुर्चीत बसले. व्यवस्थापकांनी संधी साधून म्हटलं, "चला, प्रकरण मिटलं. मावशी, कामाला लाग." एजन्सीचा माणूस घड्याळ बघत बाहेर निघाला होता.

"थांबा!" मास्तर गरजले. शाळेच्या मैदानावरचा आवाज होता तो. "मिटलं कसं? सगळ्यांदेखत तिची पिशवी उलटी केलीत. सगळ्यांदेखत माफी मागा. तुम्हीही थांबा हो, मोटारसायकलवाले. तुम्हीही ऐका, म्हणजे पुढे कोणी काही बोललं तर तुम्हाला ठाऊक असेल."

व्यवस्थापकांनी इकडेतिकडे बघितलं. घरातले सगळे चष्मे त्यांच्यावर रोखलेले होते. त्यांनी माफी मागितली. एकदा पुटपुटून, आणि मास्तरांनी "ऐकू आलं नाही" म्हटल्यावर एकदा धड.

वहिनी मावशीच्या चाहुलीच्या दिशेनं वळल्या. "मुली, मलाही मागायचीय."

मावशीनं त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. कवेतच घेतलं. "काही नाही हो, काही नाही," म्हणत राहिली, आणि रडली मात्र तीच.

६

पहिली गाडी आली. वहिनींनी सापडबाईच्या दंडाला धरलं. भाऊसाहेब चष्मा लावून दाराशी उभे होते, आणि आता त्यांना वाचता येत होतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

"मी हिच्याबरोबर जाणार आहे," वहिनी म्हणाल्या. आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं.

"जा," भाऊसाहेब म्हणाले. मग जरा वेळानं, "मी गाडीत तरी बसू ना? माझंही मत आहे."

केंद्र म्हणजे एका शाळेचा वर्ग होता. बुटकी बाकं भिंतीला लावून ठेवली होती. पडद्याआड सापडबाईनं मतपत्रिका उलगडली आणि कानाशी लागून एकेक नाव वाचलं. वहिनींनी सगळी नावं ऐकून घेतली. मग म्हणाल्या, पुन्हा वाच. पुन्हा वाचली. बाहेर रांग चुळबुळायला लागली. वहिनींना घाई नव्हती. बाजारात आपल्या आवडीचं कापड निवडायला पहिल्यांदा एकटी आलेली मुलगी उभी राहावी, तशा त्या उभ्या होत्या. शेवटी त्यांनी सापडबाईचा कान ओढून जवळ घेतला आणि एक नाव सांगितलं.

ते कुठलं, ते इथे लिहिणार नाही. सापडबाईनं पुढे जन्मभर कोणाला ताकास तूर लागू दिली नाही, मावशीलाही नाही. एवढं सांगायला हरकत नाही, की नाव ऐकून तिच्या भुवया वर गेल्या, आणि वहिनींनी सांगितलं तिथेच तिनं शिक्का मारला.

परतीच्या गाडीत भाऊसाहेब नेहमीसारखे खिडकीशी बसले. वहिनी शेजारी. सापडबाई मागच्या बाकावर. दुकानं, झाडं, मतदानाच्या रांगा मागे जात होत्या.

"काय केलंस ते विचारत नाही," भाऊसाहेब समोर बघत म्हणाले.

"बरं."

"आधीच्या निवडणुकांनाही असंच वाटायचं का तुला?"

"कधी कधी."

"मग बोलायचं ना गं."

"तुम्ही कधी विचारलंत?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. सापडबाईला वाटलं, आता हे दोन दिवस भिंतीकडे तोंड करणार. गाडी वळणावर कलली आणि सरळ झाली.

"तुला," भाऊसाहेबांनी घसा साफ केला, "तुला खिडकीशी बसायचंय का?"

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी प्रश्नाचा नीट विचार केला.

"हो," त्या म्हणाल्या. "मला तिथलं ऊन आवडतं. पहिल्यापासून."

भाऊसाहेब समोरच्या बाकाचा दांडा धरून चालत्या गाडीत उठून उभे राहिले, आणि त्यांनी बायकोला आत सरकायला जागा करून दिली.